प्राची मीटिंगमध्ये बोलत नाही

हे बायकोलाही माहीत नाही. तिला वाटतं, प्राची परत गेली म्हणून मला वाईट वाटतं. वाईट? मला माझी किळस येते. शब्द सौम्य करत बसलो तर आजही निसटेन, म्हणून आहे तसं सांगतो.

इथे अमेरिकेत, नोव्हाय गावी, गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत मी गेली कित्येक वर्षं आहे. प्राची नागपूरहून व्हिसावर आली, माझ्याच टीममध्ये. हुशार पोरगी — पण बोलायची रीत आपल्याकडची. आधी पार्श्वभूमी, मग काय काय करून पाहिलं ते, आणि मुद्दा सगळ्यात शेवटी. त्यात कुणी मध्ये बोललं की ती थांबायची. समोरच्याचं संपू द्यावं, असं वळण. आणि आमच्या मीटिंगमध्ये कुणाचं कधी संपतं? ग्रेग, आमचा बॉस, पहिल्याच वाक्यात निष्कर्ष मागणारा. तिच्या मुद्द्यापर्यंत कुणी पोचायचंच नाही.

मीही असाच होतो. ठेचा खात शिकलो. तिला शिकवणं म्हणजे — काय, एका दुपारचं काम. मी काय केलं? म्हटलं, "तू कशाला त्यांच्या तोंडी लागतेस? आधी मला सांगत जा. मी यांच्या पद्धतीनं मांडतो."

मग जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून ती मला सगळं समजावून द्यायची, आणि दुपारी मी तेच दोन वाक्यांत मांडायचो. सुरुवात "आय थिंक"नं. तिचं नाव? एकदाही नाही. ग्रेग मान डोलवायचा. आणि ती खूश व्हायची हो! "बरं झालं दादा, तुम्ही बोलले. मी बोलली असती तं अर्ध्यातच कापलं असतं मला. वकीलच आहे तुम्ही माझे. फी म्हणून संत्रा बर्फी चालते का?"

चालली. खाल्ली मी ती.

एकदा तिनं धीर करून स्वतःच सुरुवात केली. कडाक्याच्या थंडीत ब्रेक उशिरा का लागतो, याचं कारण तिला सापडलं होतं. मला दिसत होतं, अजून एकच वाक्य, की ती मुद्द्यावर येणार — आणि मी ते वाक्य तिच्या तोंडातून काढून घेतलं. मदत म्हणून? नाही. ग्रेगची मान माझ्याकडे वळावी म्हणून. त्यानंतर ती मीटिंगमध्ये बोललीच नाही.

मग माणसं कमी करायची वेळ आली. ग्रेगनं दार लावून मला विचारलं, ही कधी तोंडच उघडत नाही, हिचा उपयोग काय? माझं ग्रीन कार्ड केव्हाच झालेलं. मला कसली भीती होती? इतकीच — खरं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग तुझा उपयोग काय? मी खांदे उडवले. म्हणालो, "शी इज क्वाएट."

तिला गप्प मीच बसवलं होतं.

तिची नोकरी गेली. व्हिसा त्या नोकरीला बांधलेला. मुदतीत दुसरी नोकरी मिळेना. नवरा, लहान मुलगी, सगळेच परत निघाले. एअरपोर्टला मीच ड्राइव्ह करून सोडलं. तिथे तिनं वाकून नमस्कार केला — आणि मी पाय मागे घेतले नाहीत. "सुखी राहा" म्हणालो. हे तोंड तेव्हाही माझंच होतं.

अलीकडे पुण्यातल्या एका नोकरीसाठी तिनं संदर्भ म्हणून माझं नाव दिलं. तिथल्या बाईंचा फोन आला. मी प्राचीबद्दल भरभरून बोललो, जे जे तिनं शोधलं होतं ते सगळं, तिच्या नावानिशी, न अडखळता. किती सोपं गेलं! ऐकायला ग्रेग नव्हता ना.

नंतर तिचा मेसेज आला. "लागली नोकरी, दादा. तुम्ही नेहमीच माझ्यासाठी बोलले."

मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि जेवायला बसलो. भूक लागली होती.