एक हात पाठीमागे

लग्न होऊन लखनौला आले तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं. अलीगंजमधलं दोन खोल्यांचं क्वार्टर, सरकारी नोकरीतला नवरा आणि दिवसभर मी एकटी. माझे बाबा नागपूरला रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांच्याजवळ बसून मी शिकले, पुढे दोन वर्षांचा कोर्सही केला. पण सासरी आल्यावर ते सर्टिफिकेट साड्यांच्या खाली गेलं. आमचे हे म्हणायचे, "परक्या गावात बाईमाणूस कुठे नोकरी करत फिरणार?" परकं गाव त्यांना रोज नऊ ते सहा चालायचं, माझ्या बाबतीत तेवढं ते परकं व्हायचं.

त्या वर्षी मुलींच्या एका ट्रेनिंग सेंटरला रेडिओचं काम शिकवणारी बाई हवी होती. मी फॉर्म आणला, भरला. त्यावर नवऱ्याच्या संमतीची सही लागत होती. शेवटची तारीख आमच्या वस्तीतल्या जयंतीच्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवसाची, आणि हे रोज नुसतं "बघू" म्हणत.

तेवढ्यात जयंती करणाऱ्या आमच्या समितीचा, काचेच्या व्हॉल्व्हचा जुना अँप्लिफायर, म्हणजे माईकचा आवाज मोठा करणारं मशीन, बिघडला. जयंतीला सुरुवातीची वंदना, भाषणं सगळं त्याच्यावरच व्हायचं. हे मीटिंगमध्ये छाती पुढे काढून सांगून आले, "माझ्याकडे द्या." मी दुरुस्त केलेले दोन-तीन रेडिओ वर्षभर यांच्याच नावावर खपले होते ना. घरी येऊन मला म्हणाले, "तू कर. पण कुणाला कळता कामा नये. जयंती पार पडली की सही करतो, शब्द देतो."

अच्छा, म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

मग रोज दुपारी कोंडवाडा. बाहेर लूच्या गरम झळा सुटलेल्या. कुणी बघू नये म्हणून दार-खिडक्या बंद. वाऱ्याने सोल्डरचं वितळलेलं कथील नीट बसत नाही, म्हणून पंखाही बंद. कुजलेल्या वायरी काढल्या, फुगलेले कंडेन्सर बदलले, स्पीकरमधली घरघर कुठून येते ते शोधत बसले. असल्या मशीनमधला विजेचा दाब फार वाईट असतो. बाबांनी शिकवलं होतं, चालू मशीनमध्ये हात घालताना दुसरा हात पाठीमागे ठेवायचा, म्हणजे झटका बसलाच तरी छातीतून आरपार जात नाही. त्या भट्टीत डावा हात पाठीशी धरून मी घामाने निथळत बसे आणि मला माझाच राग येई. चोरी केल्यासारखं काय लपायचं? शेजारच्या भाभी दार वाजवत. मी आतूनच सांगे, "कपड़े बदल रही हूँ." शेवटी एकदा त्या म्हणाल्या, "यार, कितने कपड़े हैं तुम्हारे पास?"

जयंतीच्या आदल्या दिवशी आवाज स्वच्छ आला. ह्यांना बसवून समजावलं, "बटण दाबल्यावर व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो. मनात तीस आकडे मोजायचे. तोवर हात लावायचा नाही."

"हाँ हाँ, मला काय कुक्कुलं बाळ समजतेस?"

जयंतीच्या दिवशी मैदानात शामियाना भरलेला. मी बायकांच्या बाजूला. अध्यक्ष माईकसमोर उभे राहिले, ह्यांनी ऐटीत बटण दाबलं. आवाज नाही. ह्यांनी पाचपर्यंत तरी मोजलं असेल का, देव जाणे. बटण बंद केलं, पुन्हा चालू, पुन्हा बंद. दर वेळी व्हॉल्व्ह तापायला लागायचे आणि हे विझवून टाकायचे. अध्यक्षांच्या समोरचा माईक काढून घेऊन ठोकून पाहिला. लोक कुजबुजू लागले. मी मूग गिळून बसले होते, सहीसाठी. पण वंदना खोळंबली होती आणि आणखी दोनदा असं केलं असतं तर मशीन जळलंच असतं. उठले. पदर खोचून पुढे गेले, बटण दाबलं आणि ह्यांचा हात धरून ठेवला.

हे घाबरेघुबरे झाले होते. माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "अगं, सगळं तूच केलंस. मला त्यातलं काय कळतं? तूच बघ आता."

माईक त्यांच्या हातातच होता. व्हॉल्व्ह तोवर तापले होते. कुजबूज मैदानभर गेली, इतकी स्वच्छ की मागच्या रांगेतली पोरंसुद्धा हसायला लागली. मला आधी वाटलं ते एवढंच, की माझं काम किती छान झालंय, आणि मग फॉर्म आठवला.

दुसरा दिवस फॉर्मच्या शेवटच्या तारखेचा. सकाळी मी फॉर्म पुढे ठेवला.

"चारचौघांत माझं हसं केलंस. सही कसली मागतेस?"

"मी बोलले का? तोंडातून अक्षर काढलं नाही."

"उठलीस कशाला?"

डबा उचलून ते ऑफिसला गेले. दार ओढून घेतल्याचा आवाज झाला. रडू येत होतं आणि अंगाचा तिळपापडही होत होता. वर्षभर माझ्या कामावर ह्यांचं नाव चाललं, तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. मग मी दार उघडलं, खिडक्या उघडल्या, पंखा लावला. रेशनच्या कागदांवर ह्यांची सही होती, ती समोर ठेवली आणि फॉर्मवर त्यांच्या नावाची सही केली. करताना डावा हात आपोआप पाठीमागे गेला होता.