सुमतीनं दिलेली झोप

सुमतीच्या लेकीचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. "मावशी, आई गेली..." एवढंच ती बोलू शकली. आजारपण माहीत होतं, तरी हात पिठातच राहिले. त्याला आता काही आठवडे झाले.

सुमती माझी शाळेपासूनची मैत्रीण. कसबा बावड्यात तिचा दातांचा दवाखाना. बोलणं रोखठोक, आवाज मोठा. खुर्चीतल्या पेशंटपेक्षा बाहेर बसलेल्यांनाच जास्त धसका. आमच्या ह्यांचा दुधाचा टेम्पो. ह्यांचं घोरणं अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं आणि आम्ही त्यावर हसायचो. मग गगनबावड्याहून परतताना भर उजेडात त्यांचा डोळा लागला नि टेम्पो उसात शिरला. खरचटण्यावर निभावलं, पण त्यानंतर मी लेकीला त्यांच्या शेजारी बसू देईना. ती चालत कॉलेजला निघाली की हे टेम्पोला टेकून तिच्या पाठीकडं बघत राहायचे...

सुमतीनं ऐकलं नि आधी मलाच झापलं. "हसतीयास काय? झोपेत श्वास अडकतोय त्यांचा!" तिनं पहिल्यांदा झोपेच्या तपासणीला पाठवलं. तिथं मिळालेला, झोपेत नाकातून हवा देणाऱ्या मशीनचा मास्क ह्यांना सोसेना. तेव्हा तिथल्या डॉक्टरांशी बोलून तिनं दातांचं माप घ्यायला बोलावलं.

"मी काय म्हातारा झालोय व्हय, कवळी घालायला?"

"कवळी न्हाय ओ भावजी. ही पट्टी खालचा जबडा जरा पुढं धरती, म्हंजे घशातली वाट मोकळी ऱ्हाती. गप आ करा की!"

सुरुवातीला जबडा ठणकायचा. ह्यांनी पट्टी फळीवर टाकून दिली. सुमतीनं पुन्हा बोलावलं, कुठं टोचतंय ते बघून घासली, थोडी सैल केली, पुन्हा बोलावलं. हळूहळू दुपारच्या डुलक्या थांबल्या. पुन्हा तपासणी झाली, डॉक्टरांचंही समाधान झालं. माझी भीती मात्र जाईना. सुमतीनं ते ओळखलं. एका रविवारी ती स्वतःच्या लेकीला घेऊन आली आणि दोघी सरळ टेम्पोत चढल्या. "चला भावजी, गगनबावड्याचं धुकं बघून येऊ." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "माझी पोरगी बसलीया. तुझीला काय हुतंय?"

मी माझ्या लेकीला जा म्हटलं. संध्याकाळी सगळे ओल्या केसांनी परतले. लेक बापाशेजारी बसून त्यांना भाजलेलं कणीस भरवत होती. माझ्या घरात काय परत आलं, ते सुमतीला सांगायला मला शब्द सापडले नाहीत. तिनंही मागितले नाहीत.

शेवटच्या भेटीत तिला बोलायला धाप लागत होती. तरी विचारलंच, "भावजी झोपत्यात न्हवं नीट?"

रोज सकाळी हे ती पट्टी गार पाण्याखाली मऊ ब्रशनं घासतात. 'गरम पाणी लावलासा तर वाकडी हुईल,' ही सुमतीची ताकीद. तिला पोहोचवून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी हे बराच वेळ नळापाशीच उभे होते. मी विचारलं, "काय झालं ओ?"

"काय न्हाय," ते म्हणाले. "ती गेली, तरी रात्री झोप लागली की गं मला..."