काण्या घोडीची मखमली पट्टी

अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं तेव्हा चंद्रभान बोईसर स्टेशनवर टांगा हाकायचा. त्याचा घोडा उमदा होता, तरी लग्नसराईत लोक बन्सी टांगेवाल्याची काणी घोडी मागायचे.

काटा लागून सडलेला तिचा डोळा डॉक्टरांनी काढला होता. "आत काचेची गोळी बसवली तर खळगा दिसणार नाही," ते म्हणाले होते. बन्सीने नुसती पापणी शिवून घेतली आणि बायकोकडून तोंडावरच्या म्होरकीला, शिवलेला डोळा झाकेल अशी, आरशांची मखमली पट्टी लावून घेतली. ती पट्टी बघायला माणसं थांबायची आणि चंद्रभानचा जळफळाट व्हायचा.

शेवटी घिवली गावची एक वरात त्याला मिळाली. त्याने आपल्या घोड्याच्या धडधाकट डोळ्यावर त्याहून मोठी पट्टी बांधली. वाजंत्री सुरू होताच घोडा बिचकला आणि नवरदेवासकट खाडीकाठच्या खाजणाच्या चिखलात शिरला.

पाहुण्यांना घेऊन आलेल्या बन्सीने धावत जाऊन पट्टी सोडली. "त्याला दिसतंय की रे, चंद्रभान," तो म्हणाला.

नवरदेव चिखल पुसून बन्सीच्या घोडीवर बसला. चंद्रभान लगाम धरून मागे चालत राहिला. पुढे घोडीचं चाललेलं कौतुक त्याला ऐकवत नव्हतं.