शिवलेले खिसे

"खाण तशी माती" हे वाक्य तिने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती सात वर्षांची होती आणि मामाच्या दारात चपला काढत होती. बोलली मामी. आईला आदल्या दिवशी वेड्यांच्या दवाखान्यात नेलं होतं, बापाने त्याच्या आधीच हात वर केले होते, म्हणून मामाने भाचीला घरी आणलं. उपकारच केले म्हणा. त्या दिवसापासून घरात सगळ्यांना एकच उद्योग लागला, पोरगी वेडी कधी होते ते बघायचं.

ती हसली की मामी म्हणायची, "हिची आई अशीच हसायची." रडली की, "तिचंही असंच सुरू झालं होतं." मग पोर गप्प राहायला शिकली. त्यावर मामी शेजारणीला म्हणाली, "गप्प गप्प असते हो, लक्षण काही ठीक नाही." आता सांगा, त्या पोरीने तोंड ठेवायचं तरी कसं? रोज संध्याकाळी मामी तिला समोर उभी करून वार आणि तारीख विचारायची. एकदा शाळेच्या सुट्टीत ती गुरुवारला बुधवार म्हणाली, तर स्वयंपाकघरातल्या सुऱ्या आठवडाभर कुलपात गेल्या. मामी बाजारात निघाली की भाची आतल्या खोलीत आणि कडी बाहेरून.

ती कडी काढायचा मामेभाऊ. तिच्याहून दोन वर्षांनी लहान. स्टूल ओढत आणायचा, वर चढायचा, म्हणायचा, "ताई, ये बाहेर." मामी जिन्यात आली की तिला आत ढकलून कडी पुन्हा लावायचा. त्या घरात तिला माणसात धरणारा तेवढा एकच. ह्या प्रेमापायी पुढे तिचं वाटोळं झालं, पण प्रेम काही विचारून होत नाही.

आई वेडी झाली ती सासरच्या छळाने, असं मामा चारचौघांत सांगायचा. पोरगी वेडी होणार ती आईच्या रक्ताने, असं मामी सांगायची. दोघांचं एका छपराखाली कसं जुळायचं देव जाणे. पण आई ही मामाची सख्खी बहीण, म्हणजे ते रक्त मामाच्या अंगात आणि मामाच्या मुलाच्याही अंगात, एवढा साधा हिशोब कुणी केला नाही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

दहावीनंतर ती लाँड्रीत लागली. पंधरा वर्षं एकाच टेबलाशी उभी. आधी कॉलर, मग बाह्या, मग पाठ, पुढची बटणपट्टी सगळ्यात शेवटी. तिच्या हातचा शर्ट उभा केला तर उभा राहील, असं मालक म्हणायचा आणि तिला 'कडक' म्हणून हाक मारायचा. तिथे कुणी तिला वार विचारत नव्हतं. दिवस संपला की ती घरच्या कपड्यांनाही तिथेच इस्त्री करायची, मालकाची हरकत नव्हती.

मामेभाऊ तोवर विजेच्या मीटरचे आकडे घ्यायच्या नोकरीत चिकटला होता आणि त्याचं लग्न ठरलं होतं, दोन महिन्यांवर आलं होतं. त्या आठवड्यात त्याचा शर्ट तिने टेबलावर पसरला, तर खिशाचं तोंड शिवलेलं. काळा दोरा, बारीक टाके. दुसऱ्या शर्टाचंही तेच. तिन्ही पँटींचे सगळे खिसे बंद. तिने इस्त्री उभी केली आणि खाली बसली. आईला नेण्याच्या महिनाभर आधी आईने तिच्या फ्रॉकांचे खिसे असेच शिवून टाकले होते. "ते लोक आत काहीतरी टाकतात," आई म्हणायची.

तिने त्याला विचारलं, "खिसे का शिवलेस रे?"

त्याने आधी दार लावलं. "ऑफिसातले टाकतात, ताई. काय ते कळत नाही. पण मग दिवसभर माझ्याविषयी बोलत बसतात, इथपर्यंत ऐकू येतं."

बोलण्याचा सूरसुद्धा आईचाच. तिने मनाशी एकच ठरवलं, ह्याचं आईसारखं होऊ द्यायचं नाही. आईला उशिरा नेलं. ह्याला वेळेत न्यायचं.

ती मामाकडे गेली. ऐकून मामाची पाचावर धारण बसली. नखं बघत तो हळूच म्हणाला, "आमचे बाबाही शेवटी आवाज ऐकायचे."

"मग डॉक्टरांना सांगू या ना, मामा."

"लग्न मोडेल. मुलीकडचे विचारतील, घराण्यात कुणाला आहे का. काय सांगू?"

मामी दाराआडच होती. "झालं सुरू," ती म्हणाली. "स्वतःचं वेड माझ्या पोराच्या माथी मारायला निघाली." आणि डॉक्टरकडे नेलंच, पण तिला. तुम्ही म्हणाल मामीला दिसत नसेल. सगळं दिसत होतं हो त्या बाईला, म्हणून तर एवढी घाई.

डॉक्टरांच्या दाराबाहेर चाळीस माणसं ताटकळत होती. आत मामी बोलली, मामा मान हलवत बसला, मामेभाऊही शेजारी होता. डॉक्टरांनी मामेभावाला विचारलं, "तुम्हाला काय जाणवतं?"

"ही माझ्या कपड्यांत काहीतरी घालते," तो म्हणाला. "लाँड्रीतून आणते ना, तेव्हा. हीपण त्यांनाच मिळालीय."

त्याचं हे शेवटचं वाक्य कुणी ऐकलंच नाही. मामी मध्ये पडली, "कपड्यांना सारखं काहीतरी करत असते, डॉक्टर. ह्याचे खिसेसुद्धा शिवून टाकले." डॉक्टरांनी लिहून घेतलं. आईचा आजार लिहिला, वय लिहिलं. ती म्हणाली, "आजारी तो आहे, मी नाही." डॉक्टरांनी तेही लिहून घेतलं, कारण असं म्हणणारे रोज दहा येतात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

गोळ्या मामी स्वतः द्यायची, तोंड उघडून बघायची. हात जड झाले, डोळे मिटायला लागले. पंधरा दिवसांत तिने लाँड्रीत एक साडी आणि दोन कोट इस्त्रीखाली जाळले. मालक वाईट माणूस नव्हता. "कडक, तू आता घरीच बस," एवढंच तो म्हणाला आणि तिच्या टेबलाशी दुसरी आली. घरी बसून ती भावाला बघत राहिली. तो आता ताटातलं आधी हुंगायचा, रेडिओला कापड गुंडाळायचा. लग्नाला तीन आठवडे होते.

तेव्हा तिने ते केलं जे फक्त तीच करू शकत होती. गोळ्या ह्या आजाराच्या, आजार त्याला, मग त्याच्या पोटात जायला नकोत? ती गोळी जिभेखाली धरायला लागली आणि सकाळी त्याच्या चहात विरघळवायला लागली. चार दिवस. पाचव्या दिवशी तो स्वयंपाकघराच्या दारात उभा होता.

तो ओरडला नाही. त्याने कप घेतला, तळाशी बोट फिरवलं आणि पांढरा साका बघितला. "म्हणजे खरंच होतं," तो म्हणाला. त्याच्या तोंडावर सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं. त्याच्या सगळ्या भासांना आता पुरावा मिळाला होता आणि तो तिनेच हातात दिला होता.

मग कुणाला काही सिद्ध करायचं उरलं नाही. विषप्रयोग, मामीने सगळ्यांना सांगितलं. तिला दवाखान्यात ठेवायच्या अर्जावर मामाने सही केली. त्या वेळी तो तिच्याकडे बघू शकला नाही, पण पेन मात्र त्याने स्वतःच्या खिशातून काढलं होतं.

लग्नाला नऊ दिवस असताना तिला वेड्यांच्या दवाखान्यात पोचवलं. तिची पिशवी मामेभावाने धरली होती. मामा-मामी खिडकीशी कागद देत होते, तेवढ्यात तो जवळ सरकला, लहानपणी सरकायचा तसाच.

"ताई," तो म्हणाला, "तू आत गेलीस की आवाज थांबतील ना?"

तिला खोटं बोलता आलं असतं. "नाही रे," ती म्हणाली. "थांबणार नाहीत. तू डॉक्टरांना सांग. आत्ता सांग, ते समोरच आहेत."

तो रडायला लागला. मामी धावत आली, तिने मुलाला पोटाशी धरलं आणि परिचारिकेला म्हणाली, "बघितलंत? जाताजातासुद्धा पोराला घाबरवतेय." परिचारिकेने भाचीच्या दंडाला धरून आत नेलं आणि नेहमीच्या सवयीने विचारलं, "सांगा बघू, आज वार कोणता?"

तिने बरोबर सांगितला. परिचारिकेने कागदावर लिहिलं: सगळं पाठ करून आलेली दिसते.