नक्की पाठवायचा?

मोबाइल हातात दिला की काकू आधी तो पदराने पुसायच्या, मग त्याच्याकडे रोखून बघत म्हणायच्या, "हं, काय म्हणतोय हा आज?"

आमची कंपनी म्हणजे भाईंदर पूर्वेला, केबिन रोडच्या मागे, एका फ्लॅटमधली चार टेबलं. बटनांच्या मोबाइलवर मराठीत मेसेज लिहायचं अॅप आम्ही बनवत होतो. ते लोकांना जमतंय का बघायला सरांनी शेजारच्या काकूंनाच धरून आणलं. त्या कुठे अडतात ते वहीत लिहायचं आणि तोंड उघडायचं नाही, हे माझं काम. यातलं दुसरं मला अजून जमलेलं नाही.

काकूंना मात्र हे अॅप मनापासून हवं होतं. दापोलीला त्यांच्या थोरल्या बहिणीला ऐकू येईनासं झालं होतं, त्यामुळे फोन बंद. इंग्रजी दोघींनाही येत नव्हतं. "अक्काशी बोलायचंय गं मला," त्या म्हणायच्या. म्हणून भाच्याकडून अक्कांच्या मोबाइलवरही आम्ही ते अॅप घालून घेतलं.

मेसेज त्या फर्मास लिहायच्या. मग स्क्रीनवर यायचं, 'नक्की पाठवायचा?' काकू लगेच 'नाही' दाबायच्या. सहा दिवस, रोज!

"काकू, 'नाही' का दाबताय?" शेवटी मी विचारलंच.

"अगं, परत विचारतोय म्हणजे त्याच्या मनात नाहीये. कशाला कुणाला भरीस पाडा?"

आता तुम्हीच सांगा, दारात उभं करून कुणी 'नक्की जेवणार?' असं विचारलं, तर तुम्ही-आम्ही तरी जेवू का? सर म्हणाले, "लोकांनाच कळत नाही, त्याला अॅप काय करणार?" मी भांडून तो प्रश्नच काढून टाकला.

सातव्या दिवशी काकूंनी बटन दाबलं आणि मेसेज सुटला.

"अगो बाई, गेला? न विचारता?" त्या खुर्चीतून उठल्याच.

पाच मिनिटांनी उत्तर आलं, 'कोण बोलतंय?' नंबर कंपनीच्या मोबाइलचा, आणि नाव लिहायचं राहिलं होतं! काकूंना हसू आवरेना. 'मी गं,' एवढंच त्यांनी लिहिलं. 'मेले, इतके दिवस कुठे होतीस?' अक्का गरजल्या. आम्ही टेबलं बडवली. सरांनीसुद्धा.

मग दोघी सुटल्याच. चौकशा संपल्या, भांडणं सुरू झाली. आईच्या पाटल्या कुणाकडे, लोणच्यात मेथी किती. एका मेसेजात मराठी अक्षरं मावायची सत्तर. "एवढ्यात काय भांडायचं?" काकू करवादायच्या. यावर आमच्याकडे इलाज नव्हता, त्यांच्याकडे होता. महिन्याभरात फ्लॅट भाड्याने देऊन त्या दापोलीला राहायला निघाल्या. मला आनंद झाला, आणि रडूही आलं.

कंपनीचा मोबाइल त्यांनी माझ्या हातात ठेवला. "असू दे की काकू, न्या," मी म्हटलं.

"छे गं. अक्काला माझं तोंड बघून सगळं कळतं. ह्याच्यात तेवढंच दिसत नव्हतं."