सावध गृहस्थ

अबुधाबीत मुलीच्या शाळेत पर्सचोरीचा लुटुपुटूचा खटला होता आणि आम्ही पालक ज्युरी. जज झालेल्या बाईंनी बजावलं, "डोळ्यांनी पाहिलेलंही चुकतं. अंतर, उजेड बघा."

शेजारच्या सफारीवाल्या गृहस्थांनी तेवढंच धरून ठेवलं. रस्त्यापलीकडून चोर पाहणारा साक्षीदार त्यांना पटला नाही, ठीक आहे. पण जिच्या हातातून पर्स ओढली, तीही पटेना! मी डोकं फोडून घेतलं. ते पेनचं बटण टकटक दाबत म्हणाले, "बाईंनी सावध राहायला सांगितलंय ना? खलास." शेवटी सगळे कंटाळले आणि चोर सुटला.

बाहेर त्यांच्या गाडीला पोचा पडलेला. पार्किंगच्या पार दुसऱ्या टोकाला बसणारा वॉचमन म्हणाला, "सफेद गाडी थी." गृहस्थ तडक माझ्या पांढऱ्या गाडीकडे वळले.

"अहो, एवढ्या लांबून त्याला काय दिसणार?"

"म्हणजे काय? त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय!"