टीव्हीवर मेलेली ड्रायव्हर

शाळेची बस चालवणाऱ्या त्या बाईला सगळे ताई म्हणत. पोरंही आणि पोरांचे आईबापही. मोठ्या गाड्या हाताळायला मिळतात म्हणून तिनं राखीव सैन्यात नाव घातलं होतं. अधूनमधून कवायत, वर्षाकाठी एखादं शिबिर, बाकी घर भलं नि बस भली. मग परदेशात लढाई पेटली आणि तिच्या तुकडीला बोलावणं आलं. लेकीला सासूच्या हवाली करून ताई वाळवंटात पाण्याचा टँकर चालवायला गेली.

परत आली ती धडधाकट, पण तिला एका जागी बसवेना. जेवण उभ्यानं, चहा दारात. शिंपीकाम करणारा नवरा मशीनवरून मान वर करून म्हणे, “अगं, जरा टेक की!” ती टेके आणि लगेच उठे.

अशात टीव्हीवर तिच्याच तुकडीवरचा सिनेमा लागणार असं कळलं. रविवारी दुपारी सासूबाईंनी शेजारपाजार गोळा केला. ताई भिंतीला टेकून उभी.

पडद्यावर टँकर आला. चालवणारा एक दांडगा मिशाळ गडी होता.

“आई, तू कधी येणार?” लेकीनं विचारलं.

“तो मीच असेन बहुतेक,” ताई म्हणाली. सगळे हसले.

तेवढ्यात टँकरखाली सुरुंग फुटला. मिशाळ गड्यानं स्टिअरिंगवर मान टाकली, मागे सारंगीचे रडके सूर सुरू झाले आणि त्याच्या मदतनिसानं टँकर छावणीत नेला. लेक उठली आणि आईचा दंड घट्ट धरून उभी राहिली. सासूबाईंनी सरळ टीव्हीचं बटण बंद केलं. “माझी सून जिवंत आहे. निघा आता सगळे!”

खरं घडलं होतं ते उलटं. सुरुंगानं मदतनिसाचा पाय गेला होता आणि चिंध्या झालेल्या टायरवर टँकर रेटत ताईनंच छावणी गाठली होती. मदतनीस अखंड बडबड्या, म्हणून त्याचं नाव पोपट. त्याला स्ट्रेचरवर ठेवलं, त्यानंतर ती त्याला भेटली नव्हती. याच शहरात राहायचा तो. ती त्याच्या गल्लीपर्यंत जायची आणि माघारी फिरायची.

शेजारी पांगतात न पांगतात तोच फोन वाजला.

“अगं, तू मेलीस की!” पलीकडे पोपट.

“तूच सांगितलंस ना त्या सिनेमावाल्यांना असं?”

“मी खरं तेच सांगितलं गं. ते म्हणाले, ड्रायव्हर वाचली तर लोक रडणार कुठे?” तो हसला, मग म्हणाला, “एकदाही आली नाहीस.”

“तोंड कसं दाखवू? तुझा पाय...”

“पाय गेलाय, जीभ शाबूत आहे. ये.”

ताईनं चपला अडकवल्या. नवऱ्यानं न विचारता स्कूटर बाहेर काढली.

पोपटानं कुबडी टेकत दार उघडलं आणि खुर्ची पुढे सरकवली. ताई तशीच उभी.

“बसवत नाही रे मला.”

“मग चल, कोपऱ्यापर्यंत चालू. घरात माझाही जीव घुसमटतो.”

नवरा स्कूटरपाशी थांबला. दोघं निघाले. तो सावकाश चालत होता, तिला पावलं आवरावी लागत होती. बराच वेळ तो डॉक्टरांच्या नकला करत राहिला. मग अचानक म्हणाला, “एक विचारू? त्या दिवशी सगळ्या वाटेनं तू काय ओरडत होतीस? माझ्या कानात नुसता घूंऽऽ आवाज होता. मला वाटलं, देवाचा धावा करतेयस.”

“शिव्या देत होते तुला. डोळे मिटलेस तर बघ म्हणून.”

“कसल्या शिव्या?”

तिनं इकडेतिकडे पाहिलं, नवरा लांब आहे याची खात्री केली आणि एकेक सांगायला लागली. पोपट हसता हसता ठसकला. तो कोपऱ्यावरच्या कठड्यावर बसला, आणि उरलेल्या शिव्या सांगायला तीही त्याच्या शेजारी टेकली.